पाण्याचं वजन

त्या वर्षी गवत नीट उगवलंच नाही. जे वर आलं ते टाचेएवढं, आणि मेंढरांच्या दाताला लागायच्या आत वाळून कुसळं झालं. गिरणीतला कोंडा मिळेल तेवढा आणायचा, पाल्याच्या फांद्या तोडायच्या, त्यावर मिठाचं पाणी शिंपडायचं आणि मेंढरांची समजूत काढायची, असं चाललं होतं. पण मेंढरू काही माणूस नव्हे, समजुतीवर जगायला. दर आठवड्याला तोलार एकेकाला काट्यावर चढवी आणि दर आठवड्याला दांडीवरचं सरकतं वजन आणखी थोडं मागं ओढावं लागे.

तोलार म्हणजे जनावरांच्या बाजारातला वजन करणारा. घेणाऱ्याचाही नाही आणि देणाऱ्याचाही नाही, असा माणूस. घरी त्याचा स्वतःचा मेंढवाडा होता. हडकुळी मेंढरं घ्यायची, चारून अंगानं भरवायची आणि वजनावर विकायची, हा धंदा. मेंढवाड्याच्या दारातच लोखंडी काटा पक्का बसवलेला होता, चारी बाजूंनी कठडा असलेला. तोलाराचा त्या काट्यावर जेवढा विश्वास होता तेवढा सख्ख्या बहिणीवरही नव्हता. "माणूस बोलतो, काटा सांगतो," असं तो म्हणे, आणि एकदा म्हणून थांबत नसे.

त्याच्या बायकोला सगळे तोलारीण म्हणत. मेंढरांचं सगळं तीच बघायची. कुठलं रवंथ करत नाही, कुठल्याच्या खुरात खडा आहे, हे तिला न वाकता कळे. थंडीत तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ती छाती काढली आणि मग सलाईनमधून औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, या औषधानं रक्तातली ताकद घटते, साधा जंतूही महागात पडेल, जनावरांपासून लांब राहा. लेंडीच्या धुळीपासून तर फारच.

मेंढवाडेवाल्याच्या घरात जनावरांपासून लांब कुठं राहणार? तोलारानं चाऱ्याच्या कोठीवरची खोली झाडून घेतली, चुना मारला, एक खाट टाकली. बाहेरून लाकडी जिना. तोलारीण त्या खोलीत जाऊन राहिली. खिडकीतून खालचा मेंढवाडा सगळा दिसे. नणंद, म्हणजे तोलाराची थोरली विधवा बहीण, तोंडाला फडकं बांधून ताट वर आणी, उंबऱ्यात ठेवी आणि तिथूनच विचारी, "जेवलीस का कालचं?" आत कुणी येत नसे. तिच्याच भल्यासाठी येत नसे, हे तिला कळत होतं. पण दिवसभर भिंतीकडे बघत बसलेल्या माणसाला कळून काय करायचं असतं?

सुरुवातीला ती खिडकीतून ओरडून सांगे, "अहो, ती कानफाटी लंगडतेय. पुढचा उजवा पाय बघा."

खालून तोलार म्हणे, "उंटावरून शेळ्या हाकू नकोस. पड निवांत."

ती हसायची. नंतर नंतर ओरडायलाही जोर लागायला लागला, आणि तिनं नुसतं बघणं धरलं.

दोघांची भेट होई ती वजनाच्या दिवशी. मेंढरांची वजनं झाली की तोलार काट्याची फळी उकळत्या पाण्यानं धुवी, त्यावर फिनेल ओती, पुन्हा धुवी, उन्हात वाळू देई आणि वर धुतलेलं पोतं अंथरी. मग जिन्याखाली उभा राहून हाक मारी, "चल गं." एवढ्यावरून कळावं की माणूस वाईट नव्हता. त्याला जी एक गोष्ट करता येत होती, ती तो तिच्यासाठी जीव लावून करत होता.

पहिल्या सलाईननंतर ती वजनात उतरली. दुसऱ्यानंतर आणखी उतरली. डोक्यावरचे केस उशीवर राहिले. त्या दिवशी काट्यावरचं वजन मागं ओढताना तोलाराचा हात थांबला. संध्याकाळी तो मेंढरांना पाणी दाखवायचं विसरला. असं त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं.

तिसऱ्या सलाईनच्या बऱ्याच आधी दवाखान्यात तिची हृदयाची सोनोग्राफी झाली. तिथं सगळे तिला इको म्हणतात. पहिलं औषध द्यायच्या आधीही एक झाली होती. अंधाऱ्या खोलीत डाव्या कुशीवर निजायचं, म्हणजे नेमकं काढलेल्या जागेवर. इकोवाली मुलगी हसरी होती. छातीवर गार चिकट जेल लावून तिनं यंत्राचा दांडा फिरवला. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी उघडत होतं, मिटत होतं.

"हे माझं?" तोलारणीनं विचारलं.

"तुमचंच की. दुसऱ्या कुणाचं इथं कुठून येणार?" मुलगी म्हणाली. एकाच जागी दांडा धरून तिनं पुन्हा पुन्हा मोजलं. "मावशी, दम लागतो का हो? जिना चढताना?"

"नाही."

"पाय सुजतात?"

"नाही गं. का?"

मुलीनं पडदा तिच्याकडे फिरवला. "हृदय म्हणजे एक मूठ समजा. दर ठोक्याला आवळते, रक्त पुढं ढकलते. तुमची मूठ मागच्या वेळेपेक्षा थोडी ढिली आवळतेय. थोडीच. तुम्हाला आत्ता काहीच जाणवणार नाही. जाणवायच्या आत पकडायचं, म्हणून तर हे यंत्र."

"कशानं झालं?"

"तुमच्या त्या सलाईनमधल्या लाल औषधानं. ते गाठीला मारतं, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं कधी कधी. सगळ्यांचं नाही जळत. ज्यांचं जळतं त्यांना वेळेत कळलं तर गोळी देऊन सावरता येतं." ती कागदावर लिहीत म्हणाली, "पुढच्या सलाईनच्या आधी परत इको करायचा. चुकवायचा नाही हं, मावशी. तो बघूनच डॉक्टर ठरवतील, लाल औषध द्यायचं की नाही."

बाहेर बाकावर बसलेल्या तोलाराला तिनं हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला काही होतंय का?"

"नाही."

"मग झालं तर."

इकोची तारीख नेमकी बाजाराच्या दिवशी आली. गवत नव्हतं, म्हणून लोक मिळेल त्या भावाला मेंढरं काढत होते. बाजार तुडुंब भरत होता आणि तोलाराशिवाय काटा हलत नव्हता. तो एक दिवस गैरहजर राहिला तर दुसरा कुणी तोलार बसवतील आणि तो बसला की उठणार नाही, ही त्याला भीती. तोलारीण म्हणाली, "मी एकटी जाईन बसनं."

"बसमधे खोकणारी शंभर माणसं. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"मग वन्संना घेऊन जाते."

"मेंढरांना पाणी कोण दाखवणार?" तोलार म्हणाला. मग त्याचं तोंड एकदम उजळलं. "आणि कशाला जायचं? तुझं वजन वाढलंय. मागल्या आठवड्यात वाढलं, या आठवड्यातही. काळीज बिघडलेलं जनावर कधी भरतं का?"

वजन वाढलं होतं हे खरं. थोडंसंच, पण वाढलं होतं. तिलाही बरं वाटलं होतं. तिनं हट्ट धरला नाही. शहर, ती अंधारी खोली, ते डाव्या कुशीवर निजणं, हे सगळं एकदा तरी चुकतंय याचं तिला सुखच झालं. त्या दिवशी ती खिडकीत बसून राहिली.

तिसऱ्या सलाईनच्या दिवशी वॉर्डात गर्दी होती. खुर्च्यांवर ओळीनं बायका, प्रत्येकीच्या डोक्याला रुमाल, प्रत्येकीच्या हातात नळी. नर्सनं घाईघाईत विचारलं, "इको झाला का?"

तोलारीण तोंड उघडणार, तेवढ्यात तोलार म्हणाला, "झालाय. कागद घरी राहिला."

तसा इको झाला होताच, तो आधीचा. त्यानं मनाशी तसाच हिशेब केला असावा. तोलारणीनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं बघितलं नाही.

"पुढच्या वेळी आणा नक्की," नर्स म्हणाली आणि तिला वॉर्डातल्या काट्यावर उभं केलं. "अरे वा! बाकीच्या वाळत चालल्यात आणि तुम्ही बाळसं धरलंत की."

तोलार असा खुलला, जसा काही त्याचाच सत्कार झाला. तोलारणीनं नळीसाठी हात पुढं केला. हे एकदाचं संपावं, एवढंच तिला वाटत होतं, आणि खरं बोललं तर संपायच्या ऐवजी लांबेल, हेही तिला दिसत होतं. लाल औषध नळीतून उतरू लागलं. ती दुसरीकडे बघत राहिली.

त्यानंतर वजन भराभर वाढू लागलं.

मेंढवाड्यातलं एकेक मेंढरू बरगड्या दाखवू लागलं होतं आणि वरच्या खोलीतली तोलारीण तेवढी भरत चालली होती. वजनाच्या दिवशी तोलार दांडीवरचं वजन पुढं सरकवताना मुद्दाम हळू सरकवी, म्हणजे मजा जास्त वेळ टिके. "या अख्ख्या मेंढवाड्यात तूच एक भरतेयस," तो म्हणे. "तुला बाजारात न्यायला पाहिजे."

"न्या. भाव तरी कळेल," ती म्हणे.

बातमी पसरली. शेजारपाजारच्या बायका जिन्याखाली उभ्या राहून मान वर करून बघत. "अंगानं सुधारली हो! चेहरा बघा कसा भरलाय." लग्न होऊन लांब गेलेल्या लेकीचा फोन येई. ती आधी वजन विचारी, मग म्हणे, "बघ, मी म्हटलं नव्हतं? आता सुटलीस तू यातून, आई." आणि पलीकडे तिचं मूल रडायला लागे, फोन संपे.

कसं वाटतंय, हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच कुठं उरली होती?

तिला वाटत होतं ते असं. जिन्याच्या मध्यावर आल्यावर पुढच्या पायरीवर पाय ठेवायची इच्छा मरून जाई. उताणं निजलं की छातीवर कुणीतरी कोंड्याचं पोतं ठेवल्यासारखं होई, म्हणून ती दोन उशा घेऊ लागली, मग पांघरुणाची घडी करून तिसरी. कोरडा खोकला यायचा. अंग भरलं होतं म्हणत, पण जेवण तर निम्मं ताटात राहत होतं. हे कोडं तिला सुटत नव्हतं. आणि ज्याच्याशी बोलून ते सुटलं असतं, असं त्या खोलीत कुणी नव्हतं.

एकदा तिनं उंबऱ्याशी आलेल्या नणंदेला म्हटलं, "वन्सं, जिना चढताना दम लागतो मला."

"लागणारच. बसून बसून अंग जड झालंय," नणंद म्हणाली. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. दिवसभर कोंड्याची पोती ओढून ती स्वतःच वाकली होती. "रोज चार वेळा चढ-उतर कर. रक्त फिरेल."

तोलारीण रोज चार वेळा चढू-उतरू लागली. दर वेळी कठड्याला धरून मध्यावर थांबे आणि खालून कुणी बघत नाही ना, ते बघे. दम लागतो, याची तिला लाज वाटू लागली होती.

मग तिनं तोलाराला सांगितलं. वजनाच्या दिवशी, काट्यावर उभी असतानाच. "अहो, मला बरं वाटत नाही. श्वास पुरत नाही."

तोलार दांडीकडे बघत होता. दांडी डोलत, डोलत सरळ झाली. "अजून चढलीस की!" तो म्हणाला. "बरं कसं वाटत नाही? काटा काय खोटं बोलतो?"

ती काट्यावरून उतरली. जिना चढायला तिला त्या दिवशी फार वेळ लागला. खोलीत गेल्यावर ती रडली, आणि रडताना दम लागला म्हणून रडणंही अर्धवट राहिलं.

चौथं, शेवटचं लाल सलाईन जवळ आलं होतं. तेव्हाच एक दिवस मेंढरांचा व्यापारी ट्रक घेऊन दारात आला. जाडजूड, बोलका, टोपी मागं सरकवून बोलायची सवय असलेला. कुठून तरी लांबून त्यानं मेंढरं आणली होती आणि ती चांगली भरलेली होती. एवढ्या दुष्काळात भरलेली मेंढरं बघून तोलाराचे डोळे आधी चमकले आणि मग बारीक झाले.

तोलारीण खिडकीत होती. बसल्या बसल्या तिला पेंग येत होती, हल्ली येतच असे. खालचा आवाज ऐकून ती सरळ झाली.

"चढवा काट्यावर," व्यापारी म्हणाला. "बघा वजन. डोळे दिपतील."

तोलारानं काट्याकडे बघितलंच नाही. त्यानं मेंढरू दोन्ही पायांच्या कात्रीत धरलं, पोटाला कान लावला, कुशीवर हलकी थाप मारली. आत पाणी डचमळलं. मग त्यानं मेंढराच्या पायावरची लोकर बाजूला करून अंगठा दाबला, उचलला आणि बघितलं. दुसरं धरलं, तिसरं धरलं.

"मीठ चारलंस," तो म्हणाला. "सकाळी मीठ, मग पाणी. आणि या म्हातारीला तर आतूनच पाणी सुटलंय, ही आजारी आहे. बघ, अंगठ्याचा खड्डा भरून येतोय का? मांस असतं तर वर आलं असतं. हे पाणी आहे."

"काय राव, तुम्ही पण," व्यापारी हसायला लागला.

"काट्याला फसवशील, मला नाही. काटा नुसतं वजन सांगतो. कशाचं वजन ते माणसानं ओळखायचं असतं."

हे वाक्य तो बाजारात नेहमी बोलत असे आणि लोक माना डोलावत. खिडकीतली तोलारीण मात्र हलली नाही. मग तिनं पायातला मोजा खाली ओढला. मोज्याच्या इलॅस्टिकची रेघ घोट्याच्या वर खोल रुतली होती. तिनं नडगीवर अंगठा दाबला, धरून ठेवला, उचलला. खड्डा पडला. ती बघत राहिली. खड्डा तसाच राहिला.

"अहो," तिनं हाक मारली. "वर या."

"थांब गं, काम चाललंय."

"अहो, वर या म्हणतेय ना."

"थांब म्हटलं ना!"

तोलारीण उठली. तिनं तोंडाला फडकं बांधलं नाही, पायात काही घातलं नाही. एकेक पायरी बसत बसत उतरली आणि मेंढवाड्यात शिरली, धुळीत, लेंड्यांत, मेंढरांच्या अंगांतून वाट काढत. नणंद ओरडली, "अगं अगं, कुठं चाललीस?" तोलारानं मान वळवली आणि त्याच्या हातातलं मेंढरू सुटलं.

ती काट्याच्या कडेवर टेकली. बोलायला तिला श्वास गोळा करावा लागला. मग तिनं पाय पुढं केला, परक्या माणसासमोर, गुडघ्यापर्यंत उघडा.

"हीही दाबून बघा," ती म्हणाली.

"आत जा. काय हे—"

"बघा म्हणते."

तोलारानं खाली बसून अंगठा टेकवला. त्यानं दाबलं, उचललं. खड्डा पडला होता, त्याच्या अंगठ्याएवढा. तो बघत राहिला. वाट बघत राहिला. मग आणखी वर, गुडघ्याच्या खाली दाबून बघितलं. तिथंही तेच.

व्यापाऱ्यानं टोपी नीट केली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि दिवा धरणारालाच तो आधी दिसायला हवा होता.

"किती दिवस?" तोलारानं विचारलं.

"तुम्ही खूश होता तेवढे दिवस," ती म्हणाली.

व्यापारीच पुढं झाला. "ट्रकमधे बसवा त्यांना. मी सोडतो शहरात. मेंढरं राहू द्या इथंच, भावाचं नंतर बघू." तोलारानं तिला उचलायचा प्रयत्न केला. ती जड लागली. काट्यावर त्याला जो आकडा सुखाचा वाटत होता तो आता त्याच्या दोन्ही हातांत होता आणि उचलत नव्हता. व्यापाऱ्यानं दुसऱ्या बाजूनं धरलं.

इकोच्या अंधाऱ्या खोलीत तीच हसरी मुलगी होती. तिनं तोलारणीला ओळखलं आणि ती हसली नाही. उताणं किंवा कुशीवर निजवत नव्हतं, म्हणून पाठीला उशा लावून बसवूनच तिनं दांडा टेकवला. या वेळी तोलार आत उभा होता. पडद्यावरची मूठ उघडत होती, पण मिटताना अर्ध्यावरच थांबत होती.

"मावशी, त्या तारखेला का नाही आलात?" मुलीनं विचारलं.

तोलारणीनं तोलाराकडे बघितलं. ते उत्तर तिचं नव्हतं.

"मीच नाही आणलं," तोलार म्हणाला. "नर्सबाईंना झालाय म्हणून सांगितलं. वजन वाढत होतं तिचं. मला वाटलं..."

डॉक्टर आले. वयानं तरुण, पण डोळ्यांखाली काळं झालेले. त्यांनी पडदा बघितला, कागद बघितले, पाय दाबून बघितले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर तोलाराला बरं वाटलं असतं. "लाल औषध बंद," ते म्हणाले. "गाठीसाठी दुसरी औषधं आहेत, ती नंतर ठरवू. आधी हृदय सांभाळू, ते दमलंय म्हणूनच अंगात पाणी साठलंय. पाणी काढायचं इंजेक्शन आज, गोळ्या आजपासूनच. त्या तारखेला आला असतात तर बहुतेक नुसत्या गोळीवर भागलं असतं, कुणाला कळलंही नसतं काही झालं होतं म्हणून. आता ॲडमिट करावं लागेल."

"भरून येईल का?" तोलारानं विचारलं.

"पुष्कळसं येईल, असं दिसतंय. सगळं येईल असं मी सांगणार नाही." डॉक्टर दारापर्यंत गेले आणि वळले. "श्वास लागतो, झोपता येत नाही, हे कधीपासून होतं? कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

तोलारानं जमिनीकडे बघितलं.

दुपारपर्यंत तिला वॉर्डातली खाट मिळाली. इंजेक्शननं पाणी उतरायला लागलं होतं, दम जरा बसला होता. ती उशांना टेकून बसली होती. शेजारच्या खाटेवर कुणी म्हातारी पाठ करून निजली होती. तोलार खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याच्यासाठी स्टूल होतं, पण तो बसला नव्हता. खाली आवारात व्यापाऱ्यानं ट्रकचा भोंगा वाजवला. ट्रक परत निघाला होता. घरी मेंढरं सकाळपासून पाण्याविना होती आणि त्यात आता परकी मेंढरंही मिसळलेली. नणंदेला एकटीला ते आवरणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"जा तुम्ही," ती म्हणाली. छाती काढली तेव्हाही तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला होता. तिला त्याची सवय होती.

तोलार गेला नाही. त्यानं खाटेचा लोखंडी दांडा धरला. "कसं वाटतंय तुला आता?" त्यानं विचारलं.

छातीत, पायांत, घशात कुठं काय होतंय, ते सांगावं असं तिनं ठरवलं, आणि तोंडातून निघालं ते वेगळंच.

"एकटं वाटतं," ती म्हणाली. "फार दिवसांपासून."

तोलारानं तिच्याकडे बघितलं. मग सलाईनच्या बाटलीकडे बघितलं, जणू याच्यावरचंही काही औषध त्यात असेल. "त्याला काय करायचं असतं?" त्यानं अगदी खरं विचारलं.

खालून भोंगा पुन्हा वाजला, या वेळी लांब. तोलार खिडकीशी गेला, गजांतून हात बाहेर काढून त्यानं ट्रकला 'जा' म्हणून खूण केली. ट्रक थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग वळून निघून गेला. तो परत आला, स्टूल ओढलं आणि तिच्या उशाशी बसला.

"सांग," तो म्हणाला.

तिनं सांगायला सुरुवात केली. जिन्याचा मध्य, तीन उशा, ताटातलं राहिलेलं जेवण, खिडकी, भिंत, जिन्याखाली उभं राहून कौतुक करणाऱ्या बायका, लेकीचा फोन. मधेमधे थांबत, श्वास घेत ती सांगत होती. तो मान खाली घालून ऐकत होता. काट्यावर उभी राहून काय म्हटलं होतं, तिथपर्यंत ती यायच्या आतच त्याला राहवलं नाही.

"अगं, एवढं होत होतं तर मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

म्हातारीनं शेजारच्या खाटेवर कूस बदलली. तोलारीण वाट बघत होती, तो उठतो की काय.

"मी ऐकलं नाही," तो म्हणाला. "परत सांग."